राँग साइडने आलेली सायकल आणि नंतरचे तीन महिने

लातूरच्या बार्शी रस्त्यावरील एका डाळ मिलमध्ये मी गेली 22 वर्षे हिशेब लिहितो आणि त्यांतली शेवटची 9 वर्षे घरून मिलपर्यंत सायकलने जातो-येतो. येताना शिवाजी चौकात वळून औसा रस्त्याला लागायचे आणि राजीव गांधी चौकाच्या दिशेने घरी पोहोचायचे, असा माझा ठरलेला मार्ग आहे. या रस्त्याला मध्ये दुभाजक आहे. दुभाजकातील वळायच्या जागा लांब लांब असल्यामुळे, ज्याला पलीकडच्या बाजूने थोडेच अंतर मागे जायचे असते तो वळसा न घालता आहे त्याच बाजूने उलटा निघतो. मोटारसायकलवाले हे करतात, भाजीचे गाडेवाले करतात आणि सायकलवाले तर त्यात काही चूक आहे असे मानतच नाहीत. शिकवणीचे वर्ग सुटले की अकरावी-बारावीची मुले पाठीला दप्तर लावून रस्त्याच्या कडेने समोरून येऊ लागतात. मी त्यांना कित्येक वर्षे चुकवीत आलो होतो.

2024 च्या सप्टेंबरमधल्या एका गुरुवारी मला ते जमले नाही. संध्याकाळचे सहा वाजून गेले होते, पाऊस नुकताच थांबला होता, रस्ता ओला होता आणि उजेड पुरेसा होता. समोरून कडेकडेने येणारा मुलगा मला लांबूनच दिसला. हे ‘लांबून’ म्हणजे किती, ते मी पुढे पायांनी मोजले. जवळपास 40 मीटर भरले. मी घंटी वाजवली. त्याने मान वर केली आणि तो कडेला सरकला. त्याची कड आणि माझी कड एकच, म्हणून मी रस्त्याच्या मध्याकडे हँडल वळवले. त्याच क्षणी त्यालाही तेच सुचले. अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकमेकांना वाट देता देता तीन-तीनदा एकाच बाजूला होतात, तसा तो प्रकार होता. फरक इतकाच की बोळातली माणसे हसून थांबतात. आमची पुढची चाके एकमेकांवर आदळली, उजव्या बाजूच्या मुठी एकमेकींत अडकल्या आणि मी हँडलवरून पुढे जाऊन उजव्या खांद्यावर पडलो. मागून येणाऱ्या ॲपेवाल्याने जोरात ब्रेक दाबले नसते, तर हे लिहायला मी उरलो नसतो.

पडल्यानंतरची पहिली पाच मिनिटे पुढच्या तीन महिन्यांना पुरून उरतात, हे तेव्हा मला माहीत नव्हते. माणसे धावत आली, कुणी मला दुकानाच्या पायरीवर बसवले, कुणी मुलाच्या तोंडावर पाणी मारले आणि दोघांनी आमच्या सायकली उचलून झाडाला टेकवल्या. वाहतूक अडू नये म्हणून त्यांनी ते चांगल्याच भावनेने केले. परंतु कोण कुठल्या बाजूने येत होता, धडक कडेपासून किती अंतरावर झाली, हे सांगणारा एकमेव पुरावा त्या उचलण्याबरोबर रस्त्यावरून नाहीसा झाला. मोबाइल माझ्या खिशात होता. सायकली हलवण्यापूर्वी दोन छायाचित्रे काढा, इतके कुणाला तरी सांगण्याचे भान मला राहिले नाही. रस्त्यावर उमटलेला पायडलचा ओरखडा दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीने जाऊन शोधला, तेव्हा त्यावरून दिवसभराची वाहने जाऊन तो पुसट झाला होता.

गर्दीच्या न्यायाबद्दलही एक निरीक्षण नोंदवतो. आपल्याकडे रस्त्यावर अपघात झाला की मोठ्या वाहनाची चूक, हा निवाडा चौकशीआधीच होऊन जातो. येथे दोन्हीकडे सायकलीच असल्याने गर्दीला कोणता नियम लावावा ते कळेना. एक जण मला म्हणाला, “काका, मधी कशाला आलाव? लेकरू आहे ना ते.” दुसरा त्या मुलाला म्हणाला, “कुणीकडून चालवायलास रे, दिसत नाही का?” मुलाच्या ओठातून रक्त येत होते आणि समोरच्या दाताचा तुकडा पडला होता. तो रडत नव्हता. सारखा दप्तर कुठे आहे एवढेच विचारत होता. ॲपेवाल्यानेच आम्हा दोघांना आपल्या गाडीत घातले आणि दवाखान्यात नेले. आपण पोलिसांच्या लफड्यात अडकू का, असे त्याने वाटेत दोनदा विचारले. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134 अ आले असून त्यात मोटार अपघातातील जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे, हे मला त्या वेळी माहीत असते तर त्याचा जीव निदान थोडा हलका करता आला असता. अर्थात आमच्या अपघातात मोटार नव्हतीच, आणि हीच अडचण पुढे दर पायरीवर आडवी आली.

दवाखान्यात पहिला प्रश्न आला तो, “एमएलसी करायची का?” अपघाताची जखम असली की डॉक्टरांना वैद्यकीय-कायदेशीर नोंद ठेवून पोलिसांना कळवावे लागते. आम्हाला वाटत होते की नोंद केली म्हणजे तक्रार केली. तसे नसते. ही नोंद म्हणजे कोणती जखम, केव्हा आणि कशाने झाली याचा कागद असतो. तो त्या दिवशी झाला नाही तर नंतर कोणी तो मागच्या तारखेने करून देत नाही, आणि तक्रार करायची की नाही हे पुढे सावकाश ठरवता येते. मुलाच्या आईला फोन करून बोलावून घेतले होते. ती शिकवणीच्या वर्गांजवळ खोली करून राहत होती. मुलगा शिकायला लातूरला आला की आईने स्वयंपाकासाठी त्याच्याबरोबर यायचे आणि बापाने गावाकडे शेती पाहायची, अशी विभागलेली घरे आमच्या शहरात गल्लोगल्ली आहेत. ती बाई आली, मुलाचे तोंड पाहिले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “तुम्हाला लई लागलं का हो?” या एका प्रश्नाने पुढचे पुष्कळसे भांडण टळले असे मला आजही वाटते.

एक्स-रेत माझे उजवे गळपट्टीचे हाड मधोमध मोडलेले दिसले. सायकलवरून पुढे फेकला गेलेला माणूस खांद्यावर किंवा पसरलेल्या हातावर पडतो आणि तो सारा भार या बारीक हाडावर येतो, त्यामुळे सायकलवाल्यांचे हे नेहमीचे मोडणे आहे, असे डॉक्टरांनी सांगितले. पूर्वी सर्रास आठच्या आकाराचा पट्टा आवळत असत. आता तुकडे फार सरकले नसतील तर हात गळ्यात झोळीत ठेवला तरी हाड तितकेच चांगले जुळते. मला झोळी मिळाली, सहा आठवड्यांसाठी, आणि सायकलला तीन महिने मनाई. धनुर्वाताचे इंजेक्शन दोघांनाही दिले. मुलाच्या डोक्याला मार दिसत नव्हता, तरी पुढचे 24 तास उलटी होते का, डोके वाढत्या प्रमाणात दुखते का, अवेळी झोप येते का, हे पाहायला त्याच्या आईला बजावले. हेल्मेट आम्हा दोघांकडेही नव्हते. माझे डोके रस्त्याला लागले नाही हे माझे नशीब; त्यात माझे कर्तृत्व काही नाही.

सहा आठवडे उजवा हात नसणे म्हणजे काय, याची कल्पना हाड मोडल्याशिवाय येत नाही. आडवे झोपता येत नाही, म्हणून भिंतीला लोड लावून अर्धवट बसल्या बसल्या रात्र काढायची. सदरा डोक्यातून घालता येत नाही. ज्वारीची भाकरी एका हाताने मोडत नाही. पत्नी ती वरणात कुस्करून द्यायची आणि मी डाव्या हाताने चमच्याने खायचो, तेव्हा आमची नात शेजारी बसून तिचाही वरणभात तसाच खायची. मिलमधील हिशेब दुसऱ्याने लिहिला. घरच्या खर्चाची वही मात्र मी मुलीकडून लिहवून घेतली आणि अपघातासाठी तिच्यात वेगळे पान घातले, कारण रक्कम मोठी असो की लहान, कोणत्या खात्यावर टाकायची हे ठरल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तिसऱ्या दिवशी ठाण्यातून हवालदार जबाब घ्यायला घरी आले. माणूस समंजस होता. “सायकल-सायकलची केस पहिल्यांदाच आली माझ्याकडं,” म्हणून ते आधी हसले आणि मग कागद काढून नीट बसले. बोलताना सवयीने ते जुन्या भारतीय दंड संहितेतली कलमे, “279 आणि 338”, म्हणाले आणि लगेच स्वतःच दुरुस्ती केली, की आता 281 आणि 125. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली होती आणि आमचा अपघात तिच्या अवघ्या तिसऱ्या महिन्यातला होता. मला वाटत होते की सायकल हे वाहनच नाही, तेव्हा कायद्याला त्याचे काय. पण संहितेतील कलम 281 मध्ये सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे ‘वाहन’ चालवण्याचा उल्लेख आहे, मोटार वाहनाचा नाही. कलम 125 मध्ये तर वाहनाचीही अट नाही; हयगयीच्या कृत्याने दुसऱ्याला गंभीर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि गंभीर दुखापत म्हणजे काय, ते कलम 116 सांगते: हाड मोडणे तिच्यात येते, दात मोडणेही येते.

हवालदारांनी पेन खाली ठेवले आणि शांतपणे म्हणाले, “म्हणजे साहेब, तुमचं हाड आणि त्याचा दात. तुमची तक्रार आली की त्यांची बी येणार. दोन्हीकडं 125.”

या वाक्यापर्यंत मी स्वतःला फक्त फिर्यादी समजत होतो. मी माझ्या बाजूने, डावीकडून, नियमाने चाललो होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 च्या कलम 99 मध्ये रस्त्याच्या डाव्या बाजूने चालण्याचा नियम आहे आणि त्या अधिनियमातील ‘वाहन’ या शब्दाच्या व्याख्येत सायकलचा स्पष्ट समावेश आहे, हे आमच्या मिलच्या वकिलांनी मला आदल्याच दिवशी दाखवले होते. आमच्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट दिसले की पोलीस चाकातली हवा सोडत. तेव्हा सायकलवाल्याला आपण कायद्याच्या कक्षेत आहोत याची रोज आठवण राहायची. पुढे बिल्ला गेला आणि आठवणही गेली.

मुलगा सोळा वर्षांचा असल्याने त्याच्या बाबतीत रीत आणखी वेगळी निघाली. बाल न्याय अधिनियम, 2015 नुसार ज्या अपराधाला जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत कैद आहे तो किरकोळ अपराध ठरतो, आणि अठराखालील मुलाने तसा अपराध केल्याचा आरोप असेल तर नेहमीसारखा गुन्हा नोंदवला जात नाही; ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे जातो. हे काम बालकल्याण पोलीस अधिकारी पाहतात. मुलाला कोठडी किंवा बेड्या यांचा प्रश्नच नव्हता. तरीही मंडळापुढची तारीख म्हणजे अकरावीच्या मुलासाठी आणि गावाकडून येणाऱ्या बापासाठी काय असते, हे मला समजत होते. मी तक्रार द्यायची नाही असे ठरवले, जबाबात घटना सांगितली आणि दैनंदिनीत नोंद घ्यायला लावून तिचा क्रमांक आणि तारीख वहीत लिहून घेतली. नोंद असू द्यावी आणि पुढची पायरी हाताशी ठेवावी, हा हिशेबनिसाचा स्वभाव.

जबाबात मी एक गोष्ट सांगितली नाही. तो मुलगा मला 40 मीटरवरून दिसला होता.

हे मला टोचू लागले ते मुलीमुळे. ती बारावी विज्ञानाला आहे. एका रात्री मी भिंतीला टेकून बसलो असताना तिने वहीच्या मागच्या पानावर गणित मांडले: माझा वेग ताशी 16 किलोमीटर, त्याचा 14 धरला, तर समोरासमोर येताना दोन्हींची बेरीज, ताशी 30, म्हणजे सेकंदाला सव्वाआठ मीटरहून थोडे जास्त. चाळीस मीटर संपायला पाच सेकंदही लागत नाहीत. तोच मुलगा माझ्याच दिशेने माझ्यापुढे चालला असता, तर वेगांची वजाबाकी झाली असती, ताशी 2, आणि तेवढेच अंतर तोडून त्याला गाठायला मला 72 सेकंद मिळाले असते. राँग साइडने येणारा काय करतो, तर समोरच्याची बहात्तर सेकंदे पाचावर आणतो. गणित मला आवडले, कारण ते माझ्या बाजूने होते. मग तिने विचारले, “पण बाबा, पाच सेकंदांत तुमची सायकल थांबते की. तुम्ही काय करत होतात?”

मी घंटी वाजवत होतो. खरे म्हणजे मी बरोबर होतो आणि तो चूक होता, म्हणून बाजूला त्याने व्हायचे, असे मनात म्हणत पायडल मारत होतो. तीन सेकंद त्यात गेले. उरलेल्या दोनांत ब्रेक दाबायचे की वळायचे, हे ठरवायला वेळच नव्हता.

विम्याचा भाग थोडक्यात सांगतो, कारण त्यात हाती काही लागले नाही. मोटार वाहनाला त्रयस्थ पक्षाचा विमा सक्तीचा असतो आणि त्याच्या अपघाताची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे मागता येते. सायकल त्या कायद्यातील मोटार वाहन नाही, म्हणून दोन सायकलींच्या धडकेला हे दोन्ही दरवाजे बंद, आणि भरपाई हवीच असेल तर दिवाणी न्यायालयात दावा लावायचा. माझ्या बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला 20 रुपये कापले जातात. ती योजना अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांसाठी आहे, जुळणाऱ्या हाडासाठी नाही. आरोग्य विम्याला दवाखान्यात भरती होणे आवश्यक होते आणि मी तर झोळी घालून त्याच रात्री घरी आलो होतो. एक उपयुक्त गोष्ट मात्र कळली. राज्य कामगार विमा कायद्यात 2010 च्या दुरुस्तीने घर ते कामाची जागा या वाटेवरील अपघात, वेळ-जागा-कारण जुळत असेल तर, कामावरचाच अपघात मानला गेला आणि त्यात वाहन कोणते होते याची अट नाही. त्या वेळी या विम्याची वेतनमर्यादा महिना 21,000 रुपये होती आणि माझा पगार तिच्या थोडासाच वर असल्याने मला ते लागू झाले नाही. ज्यांचा पगार मर्यादेत आहे आणि जे सायकलने कामावर जातात, त्यांच्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असेल कोण जाणे.

सायकली दुरुस्तीला टाकल्या त्या गंजगोलाईजवळच्या एका जुन्या कारागिराकडे. झोळीतला हात घेऊन मी तिथे गेलो तेव्हा मुलाचीही सायकल शेजारी उभी होती. माझ्या सायकलचा पुढचे चाक धरणारा चिमटा मागे सरकून ते चाक फ्रेमच्या नळीला लागत होते, रिंग वाकली होती आणि सहा तारा तुटल्या होत्या. कारागिराने चिमटा पाहून सांगितले की लोखंडी असल्याने सरळ होईल, पण एकदाच. पुन्हा वाकला तर फेकून द्यायचा, आणि ॲल्युमिनियमचा असता तर एकदाही सरळ करून दिला नसता. रिंग आउट, म्हणजे वाकडेपणा, काढण्यापलीकडे गेली होती, ती नवीन घेतली. मग त्याने मुलाच्या सायकलचा पुढचा ब्रेक दाबून दाखवला. लिव्हर मुठीला येऊन टेकली. रबर झिजून लोखंड उघडे पडले होते आणि केबल ढिली होती; ओल्या रस्त्यावर त्या मुलाकडे केवळ मागचा ब्रेक होता. सायकल सेकंडहँड घेतली होती आणि घेतल्यापासून ती कुणाला दाखवली नव्हती, असे त्याची आई नंतर म्हणाली.

मुलाचे वडील रविवारी आले. अहमदपूर तालुक्यातले कोरडवाहू शेतकरी, सोयाबीन काढणीला आलेली, आणि तशातही ते दोन वेळा एसटी बदलून आले. चहा होईपर्यंत कोणी मुद्द्यावर येईना. माझ्या मिलमधील दोघे-तिघे मला आधीच सांगून ठेवत होते की सगळा खर्च वसूल करा, सोडू नका. मुलगा दाराजवळ उभा होता, ओठ अजून सुजलेला. मी त्याला विचारले की तू त्या बाजूने का येत होतास. तो म्हणाला की वळसा लांब पडतो, आणि शिवाय शाळेत शिकवले होते की रस्त्यावर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने चालावे. हे ऐकून मी थबकलो. नियम खरा आहे, पण तो पायी चालणाऱ्याचा आहे. ज्या रस्त्याला पादचारी मार्ग नाही तिथे पायी जाणाऱ्याने उजव्या कडेने, वाहनांकडे तोंड करून चालावे. पायी माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो आणि एका पावलात थांबतो किंवा कडेला उडी मारतो. सायकलला ते जमत नाही. शिवाय गल्लीतून मुख्य रस्त्यावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे पाहतो, कारण वाहने तिकडूनच यायची असतात. डावीकडून कडेकडेने येणारी सायकल त्याच्या डोळ्यांना दिसतच नाही. मुलाने हे सगळे नीट ऐकून घेतले आणि विचारले, “मग समोरून कुणी तसा आला तर आपण कुठल्या बाजूला व्हायचं?”

प्रश्न अगदी बरोबर होता आणि तोपर्यंत मी त्यावर पुष्कळ विचार केला होता. आपण आपल्या डाव्या कडेला राहायचे, वेग तोडायचा आणि पाय टेकून थांबायचे. मध्याकडे वळायचे नाही, कारण आपल्या मागून काय येत आहे ते आपल्याला दिसत नाही, आणि उलटा येणाऱ्याला मात्र ते समोर दिसत असते. थांबलेल्या माणसाला चुकवणे सोपे असते. हलणाऱ्याला चुकवताना दोघेही एकाच बाजूला जातात. मला हे कळायला हाड मोडावे लागले.

वडिलांनी खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि म्हणाले, “तुमी म्हणाल ते. लेकराची चूक हाय.” मी वही उघडली, त्यात 5,860 रुपयांचा माझा खर्च लिहिलेला होता. तो आकडा वाचून दाखवण्याआधी मी त्यांना ती 40 मीटरची गोष्ट सांगितली. पोलिसांना सांगितली नव्हती हेही सांगितले.

ते थोडा वेळ वहीकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “दिसला होता, तर थांबायचं की हो.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता. शेतात ढोर शिरले तर हाकलायचं की हो, अशा स्वरात ते बोलले. त्यानंतर हिशेब दहा मिनिटांत झाला. माझ्या औषधपाण्याचा खर्च माझा. दोन्ही सायकलींची दुरुस्ती त्यांनी द्यायची, आणि तीत मुलाच्या सायकलला दोन्ही ब्रेक नवीन, ही माझी अट. दाताचा खर्च निम्मा-निम्मा. साध्या कागदावर हे लिहून दोघांनी सह्या केल्या, माझी डाव्या हाताची, आणि एक प्रत हवालदारांना नेऊन दिली. मिलमधील मंडळींना हा सौदा मूर्खपणाचा वाटला आणि त्यांनी तो मला बरेच दिवस ऐकवला.

डिसेंबरच्या अखेरीस मी पुन्हा सायकलवर बसलो. पहिल्याच आठवड्यात त्या पट्ट्यात चार जण समोरून आले. प्रत्येक वेळी मी कडेला पाय टेकून थांबलो, आणि प्रत्येक वेळी मागच्या मोटारसायकलवाल्याने हॉर्न वाजवला, कारण मध्येच थांबणारा सायकलवाला त्याला सर्वांत मोठा गुन्हेगार वाटतो. एक बाई दुधाची कॅन हँडलला अडकवून आल्या, मला थांबलेले पाहून त्याही थांबल्या, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत उभे राहिलो. शेवटी त्या “जावा की” म्हणाल्या. दुभाजकातील वळणाच्या जागांबद्दल मी संबंधित कार्यालयात एक अर्ज दिला आहे. अर्जाला नकाशा जोडला आहे, दोन वळणांमधील अंतर पावलांनी मोजून लिहिले आहे आणि आवक क्रमांक घेतला आहे.

मुलाचा दात सध्या दातांच्या डॉक्टरांनी दाताच्याच रंगाचे मिश्रण लावून भरून दिला आहे. कायमची टोपी त्याची वाढ पूर्ण झाल्यावर, अठरा वर्षांनंतर बसवायची आहे. खर्चाच्या वहीतल्या त्या पानावर माझ्या देण्याच्या बाजूला ‘दाताची टोपी, निम्मी’ अशी नोंद आहे. तिच्यापुढे रक्कम लिहिलेली नाही, म्हणून पानाची बेरीजही मारलेली नाही.